सत्तर मैलांवरचे ३६०० फेरे: १९६९च्या मस्टँग माक वनला ओव्हरड्राइव्ह जोडताना

प्रकरणातली गाडी १९६९ची फोर्ड मस्टँग माक वन. इंजिन ४२८ घन इंचांचं कोब्रा जेट, म्हणजे सात लिटरचं. कागदावर ३३५ हॉर्सपॉवर, आणि ती बरीच हात राखून लिहिलेली आहे हे या गाड्यांच्या जाणकारांना ठाऊक आहे. टॉर्क ४४० पाउंड-फूट, आपल्या मापात सुमारे ५९७ न्यूटन-मीटर, तोही ३४०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे). मागे फोर्डचा नऊ इंची डिफरन्शियल, गुणोत्तर ३.९१, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.९१ फेरे. मध्ये फोर्डचाच चार गिअरचा ‘टॉपलोडर’ गिअरबॉक्स, त्यातला क्लोज-रेशो, म्हणजे गिअरांची गुणोत्तरं जवळजवळ असलेला प्रकार: पहिला २.३२, दुसरा १.६९, तिसरा १.२९, चौथा १.००.

सिग्नलवरून सुटताना ही जोडी अप्रतिम आहे. अडचण हायवेवर येते. या गाडीला २३५/६० आर १५ टायर आहेत आणि भार असताना जमिनीवर खडूने खूण करून मोजलेला चाकाचा घेर २.०३ मीटर भरला. ताशी ७० मैल म्हणजे ११२.७ किलोमीटर, मिनिटाला १८७८ मीटर. भागाकार केला की चाकाचे ९२५ फेरे येतात. त्याला ३.९१ने गुणलं की ३६१६. चौथा गिअर सरळ एकास एक असल्यामुळे इंजिनही तेवढंच फिरतं. अमेरिकेतल्या आंतरराज्य महामार्गांवर ७०-७५ची मर्यादा सर्रास आहे, म्हणजे तीन तासांच्या प्रवासात इंजिन साडेतीन हजारांच्या खाली येतच नाही. ७५ मैलांवर तर ३८७५. कानाला त्रास, पेट्रोलची उधळण आणि पन्नास वर्षांहून जुन्या इंजिनाची विनाकारण झीज, तिन्ही एकदम.

तीन वाटा

पहिली वाट स्वस्त: डिफरन्शियलमधली गिअरजोडी, म्हणजे क्राउन-पिनियन, बदलून ३.०० गुणोत्तराची घालणं. ७० मैलांवर आरपीएम २७७५ होतात. पण पहिल्या गिअरची एकूण पकड २.३२ गुणिले ३.९१, म्हणजे ९.०७ होती, ती ६.९६ होते. क्लोज-रेशो बॉक्सचा पहिला गिअर मुळातच उंच, म्हणजे कमी ओढ देणारा असतो. त्याला ३.०० जोडला की चढावर गाडी उचलताना क्लच घासत बसावं लागतं. ज्या कारणासाठी ही गाडी जपली, तेच कारण जातं.

दुसरी वाट नव्या पाच-स्पीड बॉक्सची. ट्रेमेकचा टीकेएक्स हा त्यातला सर्वांत ओळखीचा पर्याय. त्याच्या एका प्रकारात पहिला २.८७ आणि पाचवा ०.६८ आहे. बॉक्स उत्तम आहे, त्यात शंका नाही. पण २.८७ला ३.९१ने गुणलं की पहिला ११.२ होतो. तो हातात येतो न येतो तोच संपतो, म्हणजे मागचा गिअरही बदलणं आलं. शिवाय या गाडीत एक अडसर होता, जो पैशाने सुटत नाही. १९६८पासून फोर्डने गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा भाग इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर ठोकायला सुरुवात केली. या गाडीच्या टॉपलोडरवरचा क्रमांक गाडीशी जुळतो. कोब्रा जेट गाडीत असा जुळणारा बॉक्स काढून फळीवर ठेवायचा आणि त्या जागी नवा लावायचा, हे मालकाला मान्य नव्हतं. आम्हालाही ते बरोबर वाटत नाही.

म्हणून तिसरी वाट: मूळ बॉक्स जागेवर ठेवून त्याच्या शेपटीला ओव्हरड्राइव्ह युनिट जोडायचं, म्हणजे मागचा शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त वेगाने फिरवणारा एक जादा गिअर. इथे कॅलिफोर्नियातल्या एल कॅहोनच्या गिअर व्हेंडर्स कंपनीचं युनिट घेतलं. त्याचं मूळ इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या लेकॉक डी नॉर्मनव्हिल ओव्हरड्राइव्हमध्ये आहे. ट्रायम्फ, एमजी, ऑस्टिन-हीली, व्होल्वो अशा गाड्यांत जे बसत असे, त्याच घराण्यातलं. गुणोत्तर ०.७७८. म्हणजे ३.९१चा डिफरन्शियल हायवेवर ३.०४सारखा वागतो आणि ७० मैलांवर आरपीएम २८१४ होतात. पहिल्या गिअरची ९.०७ची पकड जशीच्या तशी राहते.

‘आठ गिअर’ मिळतात का?

अशा युनिटची जाहिरात करताना चार गिअरचे आठ होतात असं सांगितलं जातं. विकत घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसणं आवश्यक आहे, कारण उत्तर बॉक्सवर अवलंबून असतं.

या गाडीचा हिशेब असा. पहिला २.३२, ओव्हरड्राइव्हमध्ये १.८०. दुसरा १.६९, ओव्हरड्राइव्हमध्ये १.३१. तिसरा १.२९, ओव्हरड्राइव्हमध्ये १.००. चौथा १.००, ओव्हरड्राइव्हमध्ये ०.७८. नीट पाहा: दुसऱ्याचा ओव्हरड्राइव्ह आणि सरळ तिसरा यांत फरक जवळजवळ नाही. तिसऱ्याचा ओव्हरड्राइव्ह म्हणजे अक्षरशः चौथा. क्लोज-रेशो बॉक्सच्या दोन गिअरांतलं अंतर आणि युनिटचं २२ टक्क्यांचं अंतर जवळपास सारखंच असल्यामुळे मधले सगळे गिअर एकमेकांवर पडतात. हातात येतात पाच.

टॉपलोडरचा वाइड-रेशो प्रकार असता, २.७८, १.९३, १.३६, १.००, तर चित्र थोडं वेगळं झालं असतं. २.७८ आणि १.९३च्या मध्ये २.१६ येतो, १.९३ आणि १.३६च्या मध्ये १.५०. तिथे अर्ध्या गिअरचा काही उपयोग आहे. पण तिथेही तिसऱ्याचा ओव्हरड्राइव्ह १.०६, चौथ्याला खेटूनच.

या हिशेबाने पुढचे सगळे निर्णय ठरवले. युनिट पाचवा गिअर म्हणून घ्यायचं आणि पाचवा गिअर म्हणूनच जोडायचं. चौथ्याव्यतिरिक्त कुठल्याही गिअरमध्ये ते लागूच नये.

आत काय चालतं

हे समजल्याशिवाय युनिटची काळजी घेता येत नाही, म्हणून थोडं सविस्तर. आत एपिसायक्लिक गिअरचा एक संच आहे. गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट ग्रहगिअरांचा वाहक फिरवतो. बाहेरचा दातेरी कडा, म्हणजे अॅन्युलस, मागच्या शाफ्टशी एकसंध असतो. मधला सूर्यगिअर एका सरकत्या शंकूच्या आकाराच्या क्लचला जोडलेला असतो.

ओव्हरड्राइव्ह बंद असताना स्प्रिंगा या शंकूला अॅन्युलसवर दाबून धरतात आणि सगळं एकत्र फिरतं. पुढे जाताना ताकद मुख्यतः एका एकमार्गी रोलर क्लचमधून जाते. इंजिन-ब्रेकिंग आणि रिव्हर्स शंकू सांभाळतो. बटण दाबलं की सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, तेलाचा मार्ग उघडतो, पंपाच्या दाबाने पिस्टन शंकूला उलट दिशेने खेचून केसिंगमधल्या स्थिर कड्यावर बसवतात आणि सूर्यगिअर थांबतो. मग ग्रहगिअर त्याच्याभोवती लोळत अॅन्युलसला वाहकापेक्षा १.२८५ पट वेगाने फिरवतात. रोलर क्लच आपोआप मोकळा होतो. म्हणूनच ओव्हरड्राइव्ह लावायला पायातला क्लच दाबावा लागत नाही.

सूर्यगिअर धरून ठेवायला शंकूवर गिअरबॉक्समधून येणाऱ्या टॉर्कच्या २२ टक्के भार येतो. चौथ्या गिअरमध्ये ५९७चे २२ टक्के, सुमारे १३२ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये हाच टॉर्क २.३२ पट होतो आणि शंकूवर ३०८ येतात. जुन्या इंग्लिश गाड्यांमध्ये ओव्हरड्राइव्ह फक्त वरच्या एक-दोन गिअरांतच लागू देणारा स्विच कारखान्यातूनच असे, त्यामागचं कारण हेच.

आणि रिव्हर्स. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी मागे घेतली तर अॅन्युलस उलट्या दिशेने वाहकाच्या पुढे पळू पाहतो, रोलर क्लच ते होऊ देत नाही, आणि सूर्यगिअर तर जखडलेला. तिघांपैकी कुणीतरी तुटणारच. लेकॉकच्या काळापासून हीच या युनिटची सर्वांत महागडी चूक आहे.

मागवण्यापूर्वी मोजायचं ते

टॉपलोडरच्या मागच्या शाफ्टचे स्प्लाइन, म्हणजे त्यावर कोरलेले उभे दाते, मोजा. लहान इंजिनांच्या बॉक्सला सहसा २८ असतात, ४२७, ४२८, ४२९ अशा मोठ्या इंजिनांच्या बॉक्सला ३१. बॉक्सवर ‘आरयूजी’ने सुरू होणारी पत्र्याची चकती असली तर तिचा क्रमांकही लिहून घ्या, पण पन्नास वर्षांत चकत्या अदलाबदल झालेल्या असतात, त्यामुळे भरवसा मोजलेल्या स्प्लाइनवर ठेवा. शाफ्ट आणि युनिट जोडणारा कपलर चुकीचा आला तर गाडी लिफ्टवर उघडी पडून राहते.

टॉपलोडर या कामाला मुळात सोयीचा बॉक्स आहे. त्याचा रिव्हर्स मुख्य केसमध्येच आहे, शेपटीच्या हाउसिंगमध्ये नाही. जनरल मोटर्सच्या गाड्यांतल्या मन्सी बॉक्समध्ये रिव्हर्सचा लिव्हर आणि फोर्क शेपटीत असतात, तिथे हेच काम जास्त नाजूक होतं. टॉपलोडरची शेपटी काढली की मागे फक्त शाफ्ट, त्यावरचा स्पीडोमीटरचा गिअर आणि बेअरिंग दिसतं.

गाडीखाली जाऊन हँडब्रेकच्या केबलचा जोड, सायलेन्सरच्या दोन नळ्यांना जोडणारी आडवी नळी आणि गाडीच्या तळातल्या, गिअरबॉक्स ज्यात बसतो त्या बोगद्याची उंची बघून ठेवा. युनिट बॉक्सपेक्षा जाड असतं. बोगद्यापासून चहूबाजूंनी निदान १२ मिलीमीटर मोकळे हवेत, कारण इंजिन टॉर्कखाली वळतं आणि शेपटीही त्याबरोबर हलते.

आता शाफ्टबद्दल एक आग्रह. गिअरबॉक्सकडून मागे डिफरन्शियलला ताकद नेणारा मूळ प्रोपेलर शाफ्ट कापू नका. नवा करून घ्या. ही पद्धत निवडण्यामागे गाडी पुन्हा मूळ रूपात नेता यावी हाच हेतू आहे. मग काही डॉलर वाचवण्यासाठी मूळ शाफ्ट लेथवर चढवण्यात अर्थ नाही. आणि नव्याचं माप युनिट बसल्यावरच घ्यायचं, किटच्या कागदावरून नाही.

जोडणी

बॅटरीची केबल काढली. गिअरबॉक्सचं तेल गाळलं. शाफ्ट काढण्यापूर्वी पिनियनच्या (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या गिअरच्या) फ्लँजवर आणि योकवर (शाफ्टच्या टोकाच्या काट्यावर) रंगाची खूण केली. इंजिनाच्या ऑइल पॅनखाली लाकडाचा रुंद ठोकळा ठेवून जॅकने आधार दिला. क्रॉसमेंबर सुटला की इंजिन मागे झुकतं आणि डिस्ट्रिब्युटर फायरवॉलला टेकू शकतो, म्हणून झुकाव मर्यादित ठेवायचा. गिअर लिव्हरच्या तिन्ही रॉड न्यूट्रलमध्ये असताना सोडवल्या. मग शिफ्टर, स्पीडोमीटरची केबल, क्रॉसमेंबर आणि शेवटी शेपटीचं हाउसिंग.

हाउसिंग निघाल्यावर बॉक्सचा मागचा चेहरा रेझर ब्लेडने जुन्या गॅस्केटपासून पूर्ण साफ केला. इथे सँडपेपरची चकती लावू नका. तिची भुकटी थेट बेअरिंगमध्ये जाते. बेअरिंगच्या कड्याला हाताने खेळ आहे का पाहिला. बॉक्स जुना असेल आणि शाफ्ट वर-खाली डुलत असेल तर आधी बॉक्स उघडा. मागे युनिट लोंबल्यावर तो खेळ कमी होत नाही.

त्यानंतर कपलर, मग बॉक्स आणि युनिट यांमधला अडॅप्टर, मग युनिट. सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यावा. अडॅप्टर हाताने दाबून बॉक्सच्या चेहऱ्याला पूर्ण टेकला पाहिजे. एक-दोन मिलीमीटर फट राहत असेल तर कपलर आत कुठेतरी अडतो आहे. अशा वेळी बोल्ट आवळून फट मिटवण्याचा मोह होतो, आणि तिथेच बेअरिंगवर कायमचा दाब बसतो किंवा अॅल्युमिनियमच्या अडॅप्टरला तडा जातो. काढा, कपलर किती आत जातो ते मोजा, स्प्लाइनमध्ये कचरा आहे का बघा, पुन्हा लावा. या गाडीत पहिल्या प्रयत्नाला फट राहिली होती. कारण निघालं शाफ्टच्या टोकाला असलेली जुनी ठोकलेली कड. कुणीतरी पूर्वी योक काढताना हातोडा मारला होता. बारीक कानशीने ती उतरवल्यावर अडॅप्टर स्वतःच्या वजनाने बसला.

बॉक्स उतरवलेला असेल तर बेलहाउसिंगचं भोक क्रँकशी एककेंद्री आहे का हे डायल गेजने पाहून घ्या. काट्याची एकूण हालचाल ०.१३ मिलीमीटरच्या आत हवी. मागे लांबी वाढल्यावर पुढची चूक जास्त जाणवते.

तेल दोन ठिकाणी स्वतंत्र आहे. टॉपलोडरमध्ये जीएल-४ दर्जाचं ८०डब्ल्यू-९०, सुमारे १.९ लिटर, त्याच्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना तेच मानवतं. युनिटमध्ये मात्र उत्पादकाने सांगितलेलंच तेल भरायचं. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलसाठी मिळणारं घर्षण कमी करणारं मिश्रण त्यात चुकूनही घालू नका, कारण शंकू घर्षणावरच धरतो. पहिल्या छोट्या फेरीनंतर पातळी पुन्हा पाहा. तेल आतल्या मार्गांत भरलं की पातळी उतरते आणि कमी तेलावर पंप हवा ओढतो.

स्पीडोमीटरची केबल युनिटच्या मागच्या टोकावर घेतली. ती ओव्हरड्राइव्हच्या पुढे राहिली असती तर ७०च्या वेगाला काटा ५४ दाखवत राहिला असता, आणि दंड भरताना हे कारण कुणी ऐकत नाही.

वायरिंग: एक छोटा स्विच

किटमध्ये कंट्रोल बॉक्स आणि वेगाचा सेन्सर येतो. कमी वेगात तो युनिट सोडवतो. ते ठेवलंच. पण त्याच्या आधी सोलेनॉइडच्या वाटेत एक मायक्रोस्विच टाकला.

टॉपलोडरचे तीन लिव्हर केसच्या डाव्या बाजूला बाहेर असतात: एक-दोनचा, तीन-चारचा आणि रिव्हर्सचा. तीन-चारच्या लिव्हरजवळ पत्र्याची पट्टी वाकवून स्विच असा बसवला, की लिव्हर चौथ्याच्या जागी पूर्ण गेला तरच तो सर्किट जोडतो. एवढ्याने दोन्ही प्रश्न सुटतात. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात ओव्हरड्राइव्ह लागत नाही. रिव्हर्समध्ये तर तीन-चारचा लिव्हर न्यूट्रलला असतो, म्हणजे सर्किट आपोआप तुटलेलं. पट्टीची भोकं लांबट ठेवा, म्हणजे रॉडची लांबी जुळवल्यावर स्विचही सरकवता येतो. स्विच पाणी न शिरणारा घ्या आणि त्याची वायर सायलेन्सरपासून लांब न्या.

वीज इग्निशन चालू असतानाच मिळणाऱ्या सर्किटमधून, फ्यूज आणि रिले घालून घेतली. सोलेनॉइडच्या टोकाशी, ते लागलेलं असताना, व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या तुलनेत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट असेल तर अर्थिंग सुधारा. कमी व्होल्टेजवर सोलेनॉइड अर्धवट उघडतो, दाब अर्धवट येतो आणि शंकू घसरतो. मग लोक युनिटला दोष देतात.

डॅशवर एक लहान दिवाही लावला. पण दिवा फक्त वीज गेली एवढंच सांगतो. झडप तेलाच्या बाजूने चिकटली असेल तर दिवा बंद आणि ओव्हरड्राइव्ह चालू, असं होऊ शकतं. खरी खात्री टॅकोमीटर देतो. थांबण्यापूर्वी चौथ्यात बटण बंद केल्यावर आरपीएम उसळले नाहीत, तर गाडी मागे घेऊ नका. ढकला, टोइंग बोलवा, पण रिव्हर्स नको.

६८ ते ७२ मैलांची गुणगुण

पहिल्या चाचणीत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. बटण दाबताच ३६००चे २८०० झाले, गाडीत बोलणं ऐकू येऊ लागलं. आणि त्याच शांततेत ६८ ते ७२च्या दरम्यान सीटखालून एक बारीक गुणगुण जाणवली. मालकाचा पहिला संशय युनिटवर गेला, तसा तो जवळजवळ सगळ्यांचाच जातो.

इथे ओव्हरड्राइव्हचं बटणच निदानाचं साधन होतं. ७० मैलांवर चालू-बंद करून पाहिलं. इंजिनाचे फेरे ८००ने बदलतात, पण प्रोपेलर शाफ्टचे ३६१६ तेच राहतात, कारण ते फक्त चाकाच्या वेगावर आणि ३.९१वर ठरतात. गुणगुण दोन्ही वेळा तशीच होती. मग क्लच दाबून न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळू दिली. गुणगुण थोडी कमी झाली, गेली नाही. म्हणजे इंजिन सुटलं, क्लच सुटला, युनिटच्या आतले गिअरही सुटले. उरले शाफ्ट आणि टायर. टायरचं कंपन या वेगाला सेकंदाला १५ वेळा असतं, ते सीट हलवतं. शाफ्टच्या असंतुलनाचं ६०, आणि शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉसच्या (युनिव्हर्सल जॉइंटच्या) कोनांमुळे होणारं त्याच्या दुप्पट, १२०. ही गुणगुण कानाला ऐकू येत होती, हाताला कमी लागत होती. संशय कोनांवर गेला. (फोनवरच्या कंपनाच्या अॅपने टायर पकडता येतो. १२०चं कंपन पकडायला अनेक फोनचे सेन्सर कमी पडतात.)

गाडी चारही चाकांवर वजन ठेवून उभी केली आणि डिजिटल कोनमापक लावला. गिअरबॉक्सचा अक्ष मागे ३.५ अंश उतरता. जुना शाफ्ट १२९५ मिलीमीटर लांब होता, उतार ५.० अंश. पिनियन नाक वर करून २.० अंश. म्हणजे पुढच्या क्रॉसला १.५ आणि मागच्याला ३.० अंशांचा कोन पूर्वीपासूनच होता. हे कोन समान असले की दोन्ही क्रॉसचे धक्के एकमेकांना मारतात; इथे ते असमान होते, फक्त ३६००वर गरजणाऱ्या इंजिनाखाली दबलेले.

युनिटमुळे शाफ्टचं पुढचं टोक ३०० मिलीमीटर मागे आलं आणि नवा शाफ्ट ९९५ मिलीमीटरचा झाला. तेवढ्या कमी लांबीत उरलेली उंची उतरायची, म्हणून उतार ५.४ अंशांच्या पुढे गेला. पुढचा कोन १.९५, मागचा ३.४५. दोन्ही कोनांतला फरक १.५च राहिला, पण क्रॉसचा त्रास कोनाच्या वर्गाने वाढतो. वर्गांचा फरक आधी ६.७५ होता, आता ८.१. वीस टक्के वाढ, आणि ती ऐकू येईल इतकी शांत गाडी.

उपाय स्वस्त होता. मस्टँगचा मागचा अॅक्सल पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगांच्या) वर बसतो. अॅक्सलच्या बैठकीत आणि पाट्यात एक अंशाची पोलादी पाचर घातली, जाड बाजू पुढे. त्याने पिनियनचं नाक एक अंश उचललं गेलं, ३.० झालं. मागचा कोन २.४५वर आला. पुढच्या १.९५शी तो मुद्दाम बरोबर केला नाही. ताकद लावली की पाटे पिळतात आणि नाक आणखी थोडं उचलतं. स्थिर वेगाला दोन्ही कोन जवळजवळ जुळतात. अॅल्युमिनियमच्या पाचरी स्वस्त मिळतात, पण त्या दबतात, यू-बोल्ट सैल होतात आणि एवढ्या टॉर्कखाली अॅक्सल सरकतो. पाचरीला मधल्या बोल्टसाठी भोक हवंच. यू-बोल्ट नवे घातले, जुने एकदा ताणले गेलेले असतात.

पाचर घातल्यावर गुणगुण गेली. शाफ्टवर काही करावं लागलं नाही, कारण तो करतानाच दोन गोष्टी पाळल्या होत्या. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत, आणि बॅलन्सिंग ५००० आरपीएमच्या पुढपर्यंत. या गाडीचा शाफ्ट १०० मैलांवर ५१६६ने फिरतो. २०००वर बॅलन्स केलेला शाफ्ट इथे उपयोगाचा नाही. आखूड होण्याचा एक फायदाही मिळतो: शाफ्ट ज्या फेऱ्यांना धनुष्यासारखा वाकू लागतो ती मर्यादा लांबीच्या वर्गाने बदलते. १२९५चे ९९५ झाल्यावर ती जवळपास १.७ पट वर गेली.

चालवताना

ओव्हरड्राइव्ह लावताना पाय हलका ठेवा, पूर्ण उचलू नका. सोडवताना पाय थोडा दाबलेला हवा, नाहीतर चाकं इंजिनाला ओढून वर नेतात आणि झटका बसतो. ओव्हरटेक करायचा असेल तर बटण बंद केलं की चौथा मिळतो, तो बहुतेक वेळा पुरतो. मायक्रोस्विचमुळे लिव्हर तिसऱ्यात टाकला तरी ओव्हरड्राइव्ह आपोआप सुटतो, पण ती उडी मोठी आहे: ६० मैलांवर २४०० वरून थेट ४०००. ८०वर हेच केलं तर इंजिन ५३००च्या पुढे जाईल. कोब्रा जेटला ३३५ हॉर्सपॉवर ५२००वर मिळतात, तिथून पुढे नेण्यात फायदा काही नाही.

खालच्या बाजूलाही मर्यादा आहे. ४५ मैलांवर ओव्हरड्राइव्हमध्ये १८०० आरपीएम राहतात. त्याखाली चढ आला तर बटण बंद करा. कार्ब्युरेटरच्या गाडीत दाबून धरलेलं इंजिन ठोकतं (नॉक करतं), आणि आजच्या पेट्रोलवर जास्तच.

याच कारणाने डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी, म्हणजे हलक्या पायाला ठिणगी लवकर पाडणारी (अॅडव्हान्स देणारी) नळी, तपासायला सांगतो. बऱ्याच मसल कारमध्ये ती कुणीतरी कधीतरी काढून बूच मारलेली असते. ३६००वर वजनांचा यांत्रिक अॅडव्हान्स पूर्ण आलेला असतो, त्यामुळे फरक जाणवत नाही. २८००वर, हलक्या पायाला, व्हॅक्यूमचा अॅडव्हान्स नसेल तर इंजिन उशिरा पेटतं, गरम चालतं आणि ओव्हरड्राइव्हने वाचवलेलं पेट्रोल तिथेच जातं. या गाडीतही नळीला बूच होतं. जोडल्यावर टायमिंग पुन्हा लावावं लागलं.

पुढे कधी शंकू घसरू लागला, म्हणजे बटण दाबल्यावर आरपीएम हळूहळू उतरू लागले किंवा जोर लावताच उसळले, तर क्रम हाच ठेवा: तेलाची पातळी, सोलेनॉइडचं व्होल्टेज, सोलेनॉइडच्या ओ-रिंगा, तेलाची जाळी. त्यानंतरच युनिट उतरवा. घसरणारा ओव्हरड्राइव्ह लावून गाडी चालवत राहिलात तर शंकूचं अस्तर जळतं आणि तीच भुकटी जाळीत जाते.

यू-बोल्ट, क्रॉसमेंबर आणि अडॅप्टरचे बोल्ट ८०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळले. दोन यू-बोल्ट थोडे फिरले, बाकी सगळं घट्ट होतं. मूळ शेपटी, स्पीडोमीटरचा गिअर, शिफ्टरचे बोल्ट आणि १२९५ मिलीमीटरचा शाफ्ट तेल पुसून, चिठ्ठ्या बांधून मालकाच्या गॅरेजच्या माळ्यावर ठेवले आहेत. त्याच चिठ्ठ्यांवर पूर्वीचे तिन्ही कोनही लिहिले आहेत.